फलकावर नसलेला नियम

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या शाळेची कार्यशाळा ओळखू येत नसे. एरवी तेलकट, काळपट दिसणारी ती लांबलचक शेड त्या दिवशी घासूनपुसून लख्ख व्हायची. मुलं रॉकेलच्या बोळ्यांनी लेथ पुसायची, कानशींच्या दातांत अडकलेला लोखंडाचा कीस तारेच्या ब्रशनं मोकळा करायची, बोथट पटाश्यांना धार लावायची. दुसऱ्या दिवशी सगळी हत्यारं टेबलावर ओळीनं मांडून त्यांना हळदीकुंकू वाहायचं, लेथच्या चकाला झेंडूची माळ घालायची आणि पेढे वाटायचे. त्या दिवशी एकही यंत्र चालू करायचं नाही, हा दंडक.

मी एका तांत्रिक विद्यालयात कार्यशाळेचा निदेशक होतो. पूजेच्या वेळी ज्या भिंतीकडे आमची तोंडं असत, त्या भिंतीवर एक मोठा फलक होता. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं : ‘कार्यशाळेतील सुरक्षिततेचे नियम’. एकूण बारा. सैल कपडे घालू नयेत. अनवाणी येऊ नये. परवानगीशिवाय यंत्र सुरू करू नये. चालू यंत्राला हात लावू नये. धावू नये, ढकलाढकली करू नये. बाराही नियम ‘नये’नं संपणारे आणि सर्वांत खाली ‘आज्ञेवरून’. मी नोकरीला लागलो तेव्हा तो फलक तिथं होता आणि मी कित्येक वर्षं त्याच्याकडे भिंतीचा भाग म्हणूनच पाहत आलो. तो कुणी लिहिला, कुठून आला, असा प्रश्न मला कधी पडला नाही.

तो प्रश्न पडायला एक अपघात व्हावा लागला. त्या अपघाताविषयी मी पुढं सांगणारच आहे. पण आधी, शाळकरी मुलाच्या हातात करवत आणि कानस देण्याची कल्पना आली कुठून आणि ती देताना त्याचा हात शाबूत कसा राहील याचा विचार कुणी केला, ते थोडं पाहू.

शाळेत कार्यशाळा असणं ही गोष्ट फार जुनी नाही. जगात सगळीकडेच हत्यार शिकायची जागा एकच होती : ज्याचं हत्यार, त्याचं घर. सुताराचा मुलगा बापाच्या शेजारी बसून शिके, लोहाराचा मुलगा आधी भाता ओढे, मग सांडशीनं तापलेलं लोखंड धरे आणि घण मात्र खांदे भरल्यावरच त्याच्या हाती येई. या शिक्षणात सुरक्षेचा वेगळा तास नव्हता. मूल वर्षानुवर्षं नुसतं बघत असे. बापाची बोटं पटाशीच्या पुढं कधी येत नाहीत, हे त्याच्या डोळ्यांना न सांगता कळे. शिकवणारा एक आणि शिकणारा एक किंवा दोन. घाई कुणाला नव्हती. या पद्धतीचे दोषही होतेच. जातीबाहेरच्याला दार बंद होतं आणि ‘असंच करायचं’ यापलीकडे कारण कुणी सांगत नसे. पण शिकणाऱ्यावर सतत कुणाची तरी नजर असे, हे मात्र खरं.

हे चित्र एकोणिसाव्या शतकात बदललं. रेल्वे आली, कारखाने आले आणि एका उस्तादामागे दोन शागीर्द ही पद्धत अपुरी पडू लागली. मॉस्कोच्या इंपीरियल टेक्निकल स्कूलमध्ये व्हिक्टर डेला-व्होस या संचालकांपुढं हीच अडचण होती. विद्यार्थी भरपूर, शिकवणारे मोजके. १८६८ च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उपाय काढला. माल बनवण्याची कार्यशाळा वेगळी आणि शिकण्याची कार्यशाळा वेगळी केली. मग सुतारकाम, लोहारकाम, फिटिंग, लेथकाम यांतलं प्रत्येक कौशल्य सुटं करून त्याच्या छोट्या छोट्या कृती पाडल्या आणि त्या सोप्याकडून अवघडाकडे क्रमानं लावल्या. पहिली कृती नीट जमल्याशिवाय दुसरी नाही. सगळा वर्ग एका वेळी एकच कृती करणार, त्यामुळे एका शिक्षकाला अनेकांकडे लक्ष देता येणार.

हा सगळा खटाटोप कमी वेळात अधिक मुलं शिकवण्यासाठी होता, सुरक्षेसाठी नव्हता. पण त्यातून जे घडलं ते सुरक्षेच्या दृष्टीनं फार मोलाचं होतं. कुठल्या कृतीत कुठला हात कुठं असतो, हे पहिल्यांदाच कागदावर आलं. १८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनात या रशियन पद्धतीचे नमुने मांडले होते. ते पाहून एमआयटीचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन रंकल भारावून गेले. पुढं काही वर्षांत कॅल्व्हिन वुडवर्ड यांनी सेंट लुईस इथं ‘मॅन्युअल ट्रेनिंग स्कूल’ काढलं. आपल्या शाळांत फिटिंगच्या पहिल्या महिन्यात मुलाला लोखंडाचा चौकोनी तुकडा देऊन ‘याच्या चारही बाजू काटकोनात कानसून आण’ असं सांगतात, त्याचं मूळ या पद्धतीत आहे. कंटाळलेल्या हजारो मुलांनी त्या तुकड्याला शिव्या घातल्या असतील. मीही घातल्या आहेत.

दुसरा प्रवाह उत्तरेकडच्या थंड देशांतला. फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेउस यांच्या पुढाकारानं १८६६ साली हस्तकाम हा प्राथमिक शाळेचा विषय झाला. शेजारच्या स्वीडनमध्ये ऑटो सालोमन यांनी नेस या गावी शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र चालवलं आणि देशोदेशीचे शिक्षक तिथं येऊन शिकून गेले. या पद्धतीला ‘स्लॉइड’ म्हणतात. तिच्यात मुलाच्या हाती पहिलं हत्यार येई ते साधा चाकू. कारण चाकू मुलाला घरून ओळखीचा असतो. सालोमन यांचा सगळा भर शरीराच्या ठेवणीवर होता. रंधा मारताना पाय कुठं, कंबर कशी, करवत ओढताना खांदा कसा, याच्या आकृत्या त्यांनी शिक्षकांसाठी छापल्या. मूल वाकडं उभं राहिलं तर ते दमतं, दमलं की हात घसरतो आणि हात घसरला की बोट कापतं. हा साधा हिशेब आहे. पण तो करायला एका शिक्षकाला मुलाच्या हातातल्या लाकडाऐवजी त्याच्या पायांकडे बघावं लागलं.

आता तिसरा प्रवाह. तो शाळेतला नाही, कारखान्यातला आहे. आणि आपल्या मुंबईतला आहे. कावसजी दावर यांच्या गिरणीपासून मुंबईत कापड गिरण्यांचं युग सुरू झालं. त्या काळात प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर नसे. छताजवळ एक लांब दांडा सतत फिरत असे आणि त्यावरून निघालेले चामडी पट्टे खालच्या यंत्रांना फिरवत. त्या पट्ट्यांमधून वावरणारे लोक कालपरवापर्यंत शेतात राबणारे होते. अंगात धोतर, खांद्यावर उपरणं, बायकांना लुगडं. आणि त्यांच्यात मुलंही होती. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी या मजुरांसाठी कायदा व्हावा म्हणून नेटानं प्रयत्न केले. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. त्यात सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला मनाई झाली. सात ते बारा वयाच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, असं ठरलं. धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूदही त्यात होती. नऊ तासांची ती सवलत आज वाचताना अंगावर काटा येतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांची बाजू मांडली, रविवारची सुट्टी मिळवली. १८९१ च्या कायद्यानं मुलाचं किमान वय नऊवर आणि कामाचे तास सातवर आले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली जो फॅक्टरी कायदा झाला, त्याची भाषा मी निवृत्तीच्या आसपास पहिल्यांदा नीट वाचली. चालू यंत्राजवळ काम करणाऱ्यानं अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत, असं तो कायदा सांगत होता. आणि पुढं लगेच म्हणत होता की, हे कपडे मालकानं पुरवावेत. डोळ्यांत कण उडण्याचा धोका असेल तर चष्मे किंवा पडदे पुरवावेत. धोकादायक यंत्रावर अल्पवयीन कामगाराला काम द्यायचं तर आधी त्याला त्या यंत्राचे धोके आणि घ्यायची काळजी पूर्ण समजावून सांगावी. शिवाय एकतर त्याला पुरेसं प्रशिक्षण दिलेलं असावं किंवा त्या यंत्राच्या जाणकाराची त्याच्यावर देखरेख असावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं कारखान्यात शिकणाऱ्या उमेदवारांनाही हे संरक्षण दिलं. १९४८ चा कायदा आता २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे.

हे वाचलं आणि मला आमचा फलक आठवला. ‘सैल कपडे घालू नयेत’ हे वाक्य तर कारखान्यातूनच आलेलं होतं. पण वाटेत त्याचा अर्धा भाग गळून पडला होता. कारखान्यात ‘घट्ट कपडे घाल’ हे कामगाराला आणि ‘ते तू दे’ हे मालकाला सांगितलं होतं. शाळेच्या भिंतीवर येईपर्यंत फक्त मुलाला सांगितलेलं तेवढं उरलं. शाळेतला विद्यार्थी कामगारही नसतो आणि शिकाऊ उमेदवारही नसतो. आमच्याकडे चाळीस मुलांच्या तुकडीला संरक्षक चष्म्यांच्या दोन जोड्या होत्या आणि त्याही कपाटात कुलपात. त्या हरवल्या तर पगारातून पैसे कापले जातील, ही माझी भीती. मुलाच्या डोळ्याचं काय, ही भीती मला तेव्हा तितकीशी वाटत नव्हती. हे आज कबूल करायला हवं.

आता तो अपघात. १९८० नंतरच्या दशकातला एक श्रावण. नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस. नववीची तुकडी कार्यशाळेत होती. त्या काळात राखी म्हणजे स्पंजचं मोठं फूल, त्यावर जर आणि मनगटाला गुंडाळायला रेशमी गोंड्याची मजबूत दोरी. काही मुलांच्या हातांवर कोपरापर्यंत राख्या होत्या. चार बहिणींच्या चार आणि शेजारच्या दोन. ज्याच्या हातावर जास्त राख्या, त्याची ऐट मोठी. मी त्या पाहिल्या. मला त्या छान वाटल्या. मग मी टेबलाशी बसून हजेरीपत्रक आणि कच्च्या मालाची नोंदवही भरायला घेतली, कारण दुसऱ्या दिवशी तपासणी होती.

ड्रिल मशीनवर एक मुलगा पत्र्याच्या बिजागरीला भोकं पाडत होता. शांत, हुशार मुलगा. भोक पडल्यावर वर साचलेला कीस झटकायला त्यानं हात पुढं केला. राखीचा गोंडा फिरत्या ड्रिलला लागला. मी आवाज ऐकून मान वर केली तेव्हा त्याचा हात ड्रिलला चिकटल्यासारखा दिसत होता. दुसऱ्या एका मुलानं धावत जाऊन खटका बंद केला. तो खटका माझ्यापेक्षा त्या मुलाला जवळ होता, हे दैव. मनगटाची कातडी सोलली होती आणि दोन बोटं पिरगळून मोडली होती. त्यातलं एक बोट पुढं कधीच पूर्ण वाकलं नाही.

दवाखान्यात त्याच्या हाताला बँडेज बांधत असताना मी, शिक्षकाच्या सवयीनं, त्याला म्हणालो, ‘अरे, फलकावर लिहिलंय ना, वाचलं नव्हतंस का?’ तो रडत नव्हता. म्हणाला, ‘सर, वाचलंय. सैल कपडे घालू नयेत. पण राखी कपडा नाही ना सर?’

त्यात उर्मटपणा अजिबात नव्हता. त्यानं नियम नीट वाचला होता आणि तंतोतंत पाळला होता. शर्ट खोचलेला होता, बाही दुमडलेली होती. चूक वाचणाऱ्याची नव्हती. त्याला कुणी ‘का’ ते सांगितलं नव्हतं. कपडा का नको? कारण तो फिरत्या वस्तूला गुंडाळतो. एवढं एक वाक्य कळलं असतं तर राखी, गळ्यातला गंडा, करदोटा, मफलर, सगळं त्याचं त्यानंच ओळखलं असतं.

संध्याकाळी त्याचे वडील आले. जवळच्या खेड्यातले सुतार. मी मनाची तयारी करून बसलो होतो, की हे आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, ‘गुरुजी, आमच्यात पोराच्या हातात वाकस द्यायच्या आधी त्याला पाय कुठं ठेवायचा ते शिकवत्यात. वाकस सुटला तर पायावरच येतो.’ एवढंच बोलून ते चहा न घेता निघून गेले. सालोमन हे नाव तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पुढं जेव्हा त्यांच्या त्या आकृत्या पाहिल्या, तेव्हा मला आधी हे सुतार आठवले.

मुलगा बरा झाला. पण दहावीला त्यानं तांत्रिक विषय सोडला. त्याला टर्नर व्हायचं होतं, असं त्याच्या मित्रानं मला नंतर सांगितलं.

त्यानंतर मी शिकवायची पद्धत बदलली. एकदम नाही, चुकत-माकत. पहिली गोष्ट म्हणजे, मुलांना एक गणित घालायला लागलो. ड्रिल पकडणाऱ्या चकाचा किंवा दांड्याचा व्यास २५ मिलिमीटर धरा. मग त्याचा परीघ साधारण ७८ मिलिमीटर. यंत्र मिनिटाला ६०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला १०. म्हणजे सेकंदाला ७८ सेंटिमीटर दोरा त्यावर गुंडाळला जाणार. आता, काहीतरी अडकलं हे कळून हात मागं घ्यायला माणसाला चपळाई केली तरी पाव सेकंद लागतो. तेवढ्यात किती दोरा गेला? मुलं पाटीवर हिशेब करत. जवळजवळ २० सेंटिमीटर. मी म्हणे, ‘वीत दाखवा.’ चाळीस हात वर व्हायचे, बोटं ताणून. ‘म्हणजे तुम्हाला कळायच्या आत वीतभर दोरा गेला. राखीची दोरी केवढी असते?’ वर्ग गप्प होई. मग यंत्राची वीज बंद करून, एका काठीला सुतळी बांधून, मी चक हातानंच सावकाश फिरवून दाखवे. सुतळी कशी गुरफटते आणि काठी कशी ओढली जाते, ते मुलं जवळून बघत.

एकदा कारण कळलं की वरवर उलटे वाटणारे नियमही मुलांना पटतात. हातमोजे घातले की हात सुरक्षित, असं कुणालाही वाटेल. गरम किंवा धारदार पत्रा उचलताना ते खरंही आहे. पण ड्रिल आणि लेथ चालवताना हातमोजा घालायचा नाही, कारण तोही गुंडाळला जातो. लेथचा चक आवळायची चावी चकात ठेवून कधी हात सोडायचा नाही. कारण यंत्र सुरू होताच ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. छिन्नीचं डोकं हातोड्याच्या घावांनी फुलासारखं पसरलं असेल, तर ते घासून काढल्याशिवाय वापरायची नाही. कारण त्याचीच कड तुटून डोळ्यात जाते. कानशीला मूठ नसेल तर तिचं टोक तळहातात घुसतं.

मुलांचा सर्वांत आवडता धडा ग्राइंडरच्या चाकाचा. हे चाक दिसायला दगडासारखं, पण असतं ठिसूळ. त्यात बारीक चीर असेल तर वेगात फिरताना त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात. म्हणून चाक बसवण्याआधी ते दोरीला किंवा बोटाला अडकवून लाकडी मुठीनं हलकेच वाजवायचं. स्वच्छ, खणखणीत आवाज आला तर चाक चांगलं. बद्द आवाज आला तर चीर आहे. मी विचारायचो, ‘हे कुठं पाहिलंय?’ कुणीतरी हमखास ओरडे, ‘आई मडकं घेताना टिचकी मारते सर!’ बस्स. तो नियम त्या मुलाला आयुष्यभर पुरे. तो त्याच्या आईच्या हातून आलेला असतो.

गांधीजींनी १९३७ साली वर्धा इथल्या परिषदेत नई तालीमची कल्पना मांडली, तेव्हाही हाच आग्रह होता. हस्तोद्योग नुसता यांत्रिकपणे शिकवायचा नाही, प्रत्येक क्रियेमागचं ‘का’ मुलाला कळलं पाहिजे. झाकीर हुसेन समितीनं त्यावर अभ्यासक्रम केला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं कार्यानुभवाची शिफारस केली. पण बऱ्याच शाळांत कार्यानुभवाचा तास म्हणजे कागदी फुलं आणि खडूच्या पेट्या, एवढ्यावर गाडी थांबली. अपवाद होते. पुणे जिल्ह्यात पाबळ इथं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत पीएच.डी. केलेला, मोठ्या कंपनीत संशोधन करणारा हा माणूस दुष्काळी गावात आला आणि तिथल्या मुलांना वेल्डिंग, सुतारकाम, विजेची जोडणी, शेती, आरोग्य हे सगळं एकत्र शिकवू लागला. त्यातूनच ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय माध्यमिक शाळांत आला. मुलांनी खोटी खोटी वस्तू करायची नाही, गावाला लागणारी खरी वस्तू करायची, हे त्याचं सूत्र. खऱ्या कामात धोकाही खरा असतो आणि म्हणून काळजीही खरी शिकता येते.

इथं एक आक्षेप नेहमी येतो. पालक आणि संस्थाचालक म्हणतात, कशाला ही जोखीम? मुलाला लागलं तर जबाबदार कोण? त्यापेक्षा कार्यशाळेला कुलूप बरं. कुलूप लागलेल्या कार्यशाळा मी पाहिल्या आहेत. लेथवर गंज आणि त्यावर मोडके बाक रचलेले. या भीतीची मी टिंगल करणार नाही. जिच्यामुळे झोप उडते अशी एक संध्याकाळ माझ्याही वाट्याला आलेली आहे. पण मुलाला शाळेत ड्रिल दाखवलं नाही म्हणून जगातली ड्रिल बंद होत नाहीत. ज्याला नोकरीची घाई असते, तो मुलगा अठराव्या वर्षी एखाद्या लहान कारखान्यात पॉवर प्रेससमोर उभा राहतो. तिथं त्याला शिकवायला कुणी नसतं, नगावर मोजदाद असते. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगातल्या हातांच्या अपघातांवर अहवाल काढते. प्रेसखाली बोटं गमावणाऱ्या कामगारांची कहाणी त्यात पुन्हा पुन्हा येते आणि त्यांतले बरेच जण तरुण आहेत. त्या अपघातांची पहिली जबाबदारी यंत्राला संरक्षक न बसवणाऱ्यांची आहे, यात शंका नाही. पण ‘या प्रेसला सेन्सर नाही, मी हात घालणार नाही’ असं म्हणायला आधी धोका ओळखता यायला हवा. तो ओळखायला कुठंतरी शिकवलं पाहिजे.

आणि हे फक्त गरिबांच्या शाळांचं दुखणं नाही. २०११ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या कार्यशाळेत एक हुशार विद्यार्थिनी रात्री उशिरा एकटीच लेथवर काम करत होती. तिचे केस लेथमध्ये अडकले आणि ती गेली. तो खटका दाबायला शेजारी दुसरं कुणीही नव्हतं. आमच्या त्या श्रावणातल्या मुलाचा हात वाचला, तो शेजारच्या मुलामुळे. ‘कार्यशाळेत एकट्यानं काम करायचं नाही आणि प्रत्येकाला बंद करायचा खटका कुठं आहे ते डोळे मिटून सांगता आलं पाहिजे’ हा नियम आमच्या फलकावर नव्हता. आता आहे, असं कळतं.

कारण फलक आम्ही बदलला. मी एकट्यानं नाही, मुलांनी. दर जूनमध्ये नवी तुकडी आली की पहिला आठवडा यंत्र सुरू करायचं नाही. मुलांनी जोडीजोडीनं एकेका यंत्रापाशी उभं राहून विचार करायचा की, हे यंत्र मला कुठं आणि कसं इजा करू शकेल? मग ती यादी वर्गापुढं वाचायची. त्यांना जे सुचे, त्यातलं काही मलाही कधी सुचलं नव्हतं. एका मुलीनं वेणीबद्दल विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मुली कार्यशाळेत येऊ लागून दोन वर्षं झाली होती आणि फलकावर केसांचा उल्लेखच नव्हता. त्यातून प्रत्येक नियमापुढं ‘कारण’ लिहायची पद्धत पडली. ‘आज्ञेवरून’ हे शब्द मात्र रंगवणाऱ्यानं सवयीनं पुन्हा लिहिले होते. ते मी स्वतः ब्रश घेऊन पुसले.

आता शाळांमध्ये हत्यारं पुन्हा येऊ घातली आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम शिकावं, अशी कल्पना आहे. मला तिचा आनंद वाटतो. फक्त एक विनंती करावीशी वाटते. त्या सुतारांना बोलवाल, तेव्हा त्यांना खुर्ची-टेबल कसं करायचं एवढंच विचारू नका. वाकस हातात घ्यायच्या आधी पाय कुठं ठेवायचा, तेही विचारा. ते त्यांना कुणाही शिक्षकापेक्षा चांगलं सांगता येईल.

निवृत्त होईपर्यंत नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी कार्यशाळेच्या दारात मी पत्र्याचा एक डबा ठेवत असे. मुलांनीच पत्रा कापून, कडा दुमडून केलेला. आत येणारा प्रत्येक मुलगा राख्या सोडून त्यात ठेवी, कुणाची कुठली ते कळावं म्हणून चिठ्ठी लावून. तास संपला की मुलं एकमेकांच्या मनगटावर त्या पुन्हा बांधून देत. डब्यावर कुणीतरी रंगानं लिहिलं होतं : ‘राखी, गंडा, दोरा, अंगठी, घड्याळ इथे ठेवावे. कारण यंत्राला बहीण-भाऊ कळत नाही.’

हे वाक्य माझं नाही. कुठल्याशा नववीच्या मुलाचं आहे. मला मात्र ते लिहिलेलं पाहिलं की, ज्याच्यामुळे ते लिहिलं गेलं, त्या मुलाचं न वाकणारं बोट आठवतं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)